ऑकलंड ते मुंबई : १२,३०० किलोमीटर आणि चाळीस तास

ऑकलंड आणि मुंबई या दोन विमानतळांमधील सर्वांत जवळचे हवाई अंतर सुमारे १२,३०० किलोमीटर आहे. या दोन शहरांदरम्यान थेट विमानसेवा नाही. वाटेत एकदा विमान बदलून प्रवास केल्यास प्रत्यक्ष उड्डाणाचा काळ सुमारे सोळा तास होतो. मात्र न्यू लिनमधील घराचे दार ओढून घेतल्यापासून पुण्यातील घराचे दार उघडेपर्यंतचा काळ सत्तावीस तासांपासून पस्तीस तासांपर्यंत कितीही असू शकतो.

सुट्टीसाठी जाणाऱ्याला या फरकाचे फारसे काही वाटत नाही. पण आई अतिदक्षता विभागात आहे किंवा वडील गेले, असा निरोप आला की हाच फरक सर्वांत मोठा ठरतो. घरचे विचारतात, ‘किती वाजेपर्यंत पोहोचशील?’ या एका प्रश्नाच्या उत्तरावर अंत्यसंस्कार थांबवायचे की उरकायचे, हा निर्णय अवलंबून असतो. म्हणून हे गणित शांत वेळी एकदा नीट मांडून ठेवणे उपयोगाचे आहे. त्यातील विमानाचे तास आपल्या हातात नसतात. वाचवण्याजोगा वेळ असतो तो तिकीट मिळेपर्यंतच्या प्रतीक्षेत, मधल्या थांब्यात आणि शेवटच्या टप्प्यात.

अंतर कसे मोजतात?

पृथ्वी गोल असल्याने दोन ठिकाणांमधील सर्वांत जवळची वाट सपाट नकाशावरील सरळ रेषा नसते. पृथ्वीच्या मध्यातून जाणारे प्रतल त्या दोन ठिकाणांमधून नेले, तर पृष्ठभागावर जी रेषा उमटते ती सर्वांत जवळची वाट. तिला बृहद्वृत्त म्हणतात. ऑकलंडहून मुंबईकडे जाणारे बृहद्वृत्त पश्चिमेच्या किंचित उत्तरेला निघते, टास्मान समुद्र ओलांडते, ऑस्ट्रेलिया खंड तिरके कापते, इंडोनेशियाच्या बेटांवरून आणि सुमात्रावरून पुढे जाते आणि बंगालचा उपसागर पार करून दक्षिण भारताच्या पूर्व किनाऱ्यावर शिरते.

ऑकलंडच्या नेमके पायाखालचे, म्हणजे पृथ्वीच्या थेट पलीकडचे ठिकाण स्पेनच्या दक्षिण भागात येते आणि ते सुमारे २०,००० किलोमीटर दूर आहे. पृथ्वीवर याहून दूर जाता येत नाही. मुंबई त्या कमाल अंतराच्या साधारण तीन-पंचमांशावर आहे.

कोणत्या मार्गाने किती अंतर?

खालील आकडे ऑकलंड ते मुंबई या प्रवासाचे आणि बृहद्वृत्तानुसार काढलेले आहेत. हवामान, हवाई हद्दी आणि वाहतूक यांमुळे विमान प्रत्यक्षात थोडे अधिक अंतर कापते.

• सिंगापूरमार्गे : ८,४१० + ३,९२० = सुमारे १२,३३० किलोमीटर
• क्वालालंपूरमार्गे : ८,७०० + ३,६२० = सुमारे १२,३२० किलोमीटर
• सिडनी आणि बेंगळूरुमार्गे : २,१६० + ९,३६० + ८४० = सुमारे १२,३६० किलोमीटर
• हाँगकाँगमार्गे : ९,१५० + ४,२७० = सुमारे १३,४२० किलोमीटर
• दुबईमार्गे : १४,२०० + १,९३० = सुमारे १६,१३० किलोमीटर
• दोहामार्गे : १४,५३० + २,२९० = सुमारे १६,८२० किलोमीटर

सिंगापूर किंवा क्वालालंपूर यांना वळसा समजण्याची सवय आपल्याला आहे, पण ही दोन्ही शहरे थेट वाटेच्या अगदी कडेला आहेत. तिथे उतरल्याने जेमतेम वीस-तीस किलोमीटरची भर पडते. याउलट आखाती देशांतून जाताना विमान भारताच्या पलीकडे जाते आणि प्रवासी पुन्हा मागे वळतो. त्या फेऱ्यात चार हजार किलोमीटर वाढतात आणि उड्डाणाचे सुमारे चार तास अधिक लागतात.

जाताना उशीर, येताना लवकर

ऑकलंडहून सिंगापूरला जाण्यास साधारण पावणेअकरा तास लागतात, तर तेच अंतर परत येताना पावणेदहा तासांत कापले जाते. याचे कारण वारा. दक्षिण गोलार्धाच्या मध्य अक्षांशांत उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार वारे वाहतात. भारताकडे जाताना ते समोरून येतात आणि न्यूझीलंडकडे येताना पाठीशी असतात. सिंगापूर ते मुंबई या टप्प्याला सुमारे साडेपाच तास लागतात.

घड्याळाचा हिशेब वेगळा. न्यूझीलंडची प्रमाणवेळ भारतापेक्षा साडेसहा तास पुढे आहे. सप्टेंबरच्या शेवटच्या रविवारपासून एप्रिलच्या पहिल्या रविवारपर्यंत न्यूझीलंडमधील घड्याळे एक तास पुढे असतात, तेव्हा हा फरक साडेसात तासांचा होतो. भारतात घड्याळे बदलत नाहीत. त्यामुळे वर्षातून दोनदा, कोणतेही विमान न हलता, दोन घरांमधला वेळ बदलतो. तिकिटावरील सर्व वेळा त्या त्या ठिकाणच्या स्थानिक असतात. प्रवासाला लागणारा खरा काळ काढायचा तर दोन्ही टोकांच्या वेळा एकाच घड्याळात, शक्यतो भारतीय वेळेत, आणून वजाबाकी करावी.

निरोपापासून उंबरठ्यापर्यंत : एक नमुना-गणित

जुलै महिना आहे असे धरू. सोमवारी संध्याकाळी सात वाजता न्यू लिनमध्ये फोन येतो. भारतात तेव्हा सोमवारचे दुपारचे साडेबारा वाजलेले असतात. धावपळ करून दुसऱ्या दिवशी दुपारी बाराच्या सिंगापूरच्या विमानात जागा मिळते. पुढचा हिशेब असा :

• मंगळवार, सकाळी ८ (न्यूझीलंड) : घर सोडले. न्यू लिन ते विमानतळ सुमारे वीस किलोमीटर आहे. सकाळच्या गर्दीत राज्य महामार्ग २० वर पाऊण तास धरावा.
• दुपारी १२ (न्यूझीलंड) : उड्डाण.
• संध्याकाळी ६.४५ (सिंगापूर) : उतरले. दोन तासांचा थांबा.
• रात्री ८.४५ (सिंगापूर) : मुंबईकडे उड्डाण.
• रात्री ११.४५ (भारत) : मुंबईत उतरले.
• बुधवार, रात्री १ (भारत) : इमिग्रेशन, सामान आणि कस्टम्स आटोपून बाहेर.
• पहाटे ४.३० (भारत) : पुण्यातील घर.

घरापासून घरापर्यंत सत्तावीस तास झाले. हा चांगला योग आहे. सिंगापूरला दोनऐवजी आठ तास थांबावे लागले तर तेहतीस होतात. पण निरोप आल्यापासून मोजले तर सोमवारी दुपारी साडेबारा ते बुधवारी पहाटे साडेचार, म्हणजे पूर्ण चाळीस तास. त्यांपैकी विमान हवेत होते फक्त सव्वासोळा तास. उरलेले जवळपास चोवीस तास तिकीट, प्रतीक्षा, रांगा आणि रस्ता यांत गेले.

म्हणून घरच्यांनी विचारले तर ‘उद्या पोहोचतो’ असे सांगू नये. भारतात सोमवारी दुपारी निरोप निघाला असेल, तर ‘बुधवारी सकाळी’ हे प्रामाणिक उत्तर आहे. आपल्याकडे अंत्यसंस्कार बहुधा त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी होतात. थांबायचे ठरले तर रुग्णालयातील शवागाराची किंवा शीतपेटीची सोय दोन रात्रींसाठी करावी लागेल, एका रात्रीसाठी नव्हे. थांबणे शक्य नसेल तर तेही लगेच कळते आणि मग धाकटा भाऊ, बहीण किंवा पुतण्या यांच्या हातून विधी व्हावेत हे शांतपणे ठरवता येते. अशा वेळी दहाव्या-तेराव्यापर्यंत पोहोचायचे असेल तर विश्वासार्ह आणि परवडणारे तिकीट निवडायला अवकाश मिळतो. अर्धवट आशेवर सगळ्या घराला ताटकळत ठेवण्यापेक्षा हे बरे.

शेवटचा टप्पा : मुंबई म्हणजे घर नव्हे

*पुणे.* मुंबई विमानतळापासून पुणे रस्त्याने सुमारे दीडशे किलोमीटर आहे. रात्री साडेतीन तास, तर शनिवार-रविवारी घाटात वाहने अडकली तर पाच तासही लागतात. सिंगापूरहून बेंगळूरु, हैदराबाद किंवा चेन्नईला उतरून तिथून पुण्याचे देशांतर्गत विमान घेणे हा दुसरा मार्ग आहे. दिवसा उतरत असाल तर तो अनेकदा कमी दमवतो. पनवेलजवळच्या नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झाले. तिथून पुण्याकडे निघताना मुंबईची गर्दी पूर्णपणे टळते. आंतरराष्ट्रीय सेवा जसजशा तिकडे येतील तसतसा पुणेकरांचा शेवटचा टप्पा आखूड होत जाईल.

*कोल्हापूर, सांगली, बेळगाव.* या भागातील कुटुंबांनी मुंबईचा हट्ट धरू नये. मुंबईहून कोल्हापूरचा रस्ता रात्रभराचा आहे. हैदराबाद किंवा बेंगळूरुला उतरल्यास तिथून कोल्हापूर आणि बेळगाव या दोन्ही ठिकाणी छोटी विमाने जातात. मात्र या फेऱ्या मोजक्या असतात. एक चुकली तर दुसऱ्या दिवशीपर्यंत थांबावे लागते.

*गोवा आणि तळकोकण.* पेडणे तालुक्यातील मोपा येथील मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळ जानेवारी २०२३ पासून प्रवाशांसाठी खुला आहे आणि तो सिंधुदुर्गाच्या सीमेलगत आहे. सावंतवाडी, वेंगुर्ले, कुडाळ या परिसरासाठी मुंबईहून रस्त्याने जाण्यापेक्षा मोप्याला उतरणे केव्हाही सोयीचे.

*नागपूर आणि विदर्भ.* नकाशावर नागपूर ऑकलंडला मुंबईपेक्षा सुमारे चारशे किलोमीटर जवळ आहे. थेट अंतर साधारण ११,९०० किलोमीटर. पण प्रवासात त्याचा लाभ मिळत नाही. मुंबईमार्गे गेल्यास मध्यरात्री उतरून सकाळच्या विमानाची वाट पाहावी लागते. नागपूरहून दोहाला थेट सेवा असल्याने ऑकलंड–दोहा–नागपूर असा एकच विमानबदल असलेला मार्ग उपलब्ध होतो. त्याचे अंतर १७,३०० किलोमीटरांहून अधिक आहे, म्हणजे विमान घरावरून पुढे जाऊन मागे वळते आणि उड्डाणाचे सुमारे चार तास वाढतात. तरीही वृद्ध किंवा चालायला त्रास असलेल्या प्रवाशासाठी मुंबईतील सामान उचलणे, टर्मिनल बदलणे आणि रात्र खुर्चीत काढणे टळते. आखाती मार्गांची एक अनिश्चितता मात्र ध्यानात ठेवावी. २३ जून २०२५ रोजी कतारने आपली हवाई हद्द काही तास बंद केली होती आणि त्याचे पडसाद जगभरच्या वेळापत्रकांवर उमटले होते.

भारतात ज्या शहरात प्रथम उतराल तिथेच इमिग्रेशन आणि कस्टम्स होतात. पुढचे देशांतर्गत विमान असले तरी सामान तिथे ताब्यात घेऊन पुन्हा द्यावे लागते. त्यासाठी किमान तीन तास हाताशी ठेवावेत. सगळे टप्पे एकाच तिकिटावर असतील तर एक विमान उशिरा आल्यास पुढची सोय करणे हे विमान कंपनीचे काम असते. दोन स्वतंत्र तिकिटे काढली तर हुकलेल्या विमानाचा भुर्दंड प्रवाशावर येतो. घाईच्या प्रवासात थोडे स्वस्त म्हणून तिकिटे तोडू नयेत.

कागदपत्रांचे तास

चाळीस तासांचे गणित कागदपत्रे तयार असतील तरच जुळते. ज्यांनी न्यूझीलंडचे नागरिकत्व घेतले आहे त्यांना भारतात शिरण्यासाठी ओसीआय कार्ड किंवा व्हिसा लागतो. पर्यटक ई-व्हिसासाठी आगमनाच्या किमान चार दिवस आधी अर्ज करण्याची अट आहे, म्हणजे तो अचानक आलेल्या निरोपाच्या वेळी भरवशाचा नाही. तातडीच्या व्हिसासाठी पूर्वी वेलिंग्टनमधील उच्चायुक्तालयाकडे पाहावे लागे. २०२४ पासून ऑकलंडमध्येही भारताचा वाणिज्य दूतावास आहे. तरी शहाणपण याच्यात, की घरातील प्रत्येकाचे ओसीआय आधीच काढलेले असावे. मुलांच्या बाबतीत एक गोष्ट विसरली जाते. वयाच्या विसाव्या वर्षानंतर नवे पारपत्र मिळाले की ओसीआय कार्डही एकदा नव्याने काढावे लागते.

भारतीय पारपत्रावर इथे राहणाऱ्यांनी उलट बाजू तपासावी. रेसिडेंट व्हिसावर देशाबाहेर जाऊन परतण्याची मुदत लिहिलेली असते. ती संपलेली असेल तर जाणे जमते, परतणे अडते. तसेच ऑस्ट्रेलियातून विमान बदलायचे असेल तर भारतीय पारपत्रधारकाला संक्रमण व्हिसाची गरज पडू शकते. सिंगापूरमध्ये विमानतळाच्या आतच विमान बदलणाऱ्यास तो लागत नाही. आई-वडिलांना इकडे बोलावताना मार्ग निवडण्याआधी ही एक गोष्ट पाहिली तर मुंबईच्या काउंटरवरून परत फिरण्याची वेळ येत नाही.

ऑकलंडला उतरल्यावरचा वेळही मोजावा. प्रवासी घोषणापत्र आधीच भरलेले असावे आणि लोणची, मसाले, लाडू, पापड असे जे काही असेल ते त्यात निःसंकोच नोंदवावे. नोंदवलेल्या वस्तूची तपासणी होते. न नोंदवलेल्या वस्तूसाठी जागेवरच ४०० डॉलर दंड होऊ शकतो.

थेट विमान का नाही?

अंतर हे त्याचे कारण नाही. दुबई–ऑकलंड हे १४,२०० किलोमीटरचे थेट उड्डाण एमिरेट्सने मार्च २०१६ मध्ये सुरू केले. कतार एअरवेज फेब्रुवारी २०१७ मध्ये दोहाहून थेट येऊ लागली. एअर न्यूझीलंडने सप्टेंबर २०२२ मध्ये ऑकलंड–न्यूयॉर्क सेवा सुरू केली आणि तेही जवळपास तेवढेच अंतर आहे. मुंबई या सर्वांहून सुमारे दोन हजार किलोमीटर जवळ आहे. दिल्ली थोडी दूर, सुमारे १२,५०० किलोमीटर.

करारही आडवे येत नाहीत. ऑगस्ट २०२३ मध्ये दोन्ही देशांनी हवाई सेवा करार विस्तारला आणि न्यूझीलंडच्या विमान कंपन्यांसाठी दिल्ली, मुंबई, चेन्नई, कोलकाता, बेंगळूरु आणि हैदराबाद ही सहा शहरे खुली झाली. पुणे त्या यादीत नाही. मार्च २०२५ मध्ये पंतप्रधान ख्रिस्तोफर लक्सन यांच्या भारतभेटीच्या वेळी एअर इंडिया आणि एअर न्यूझीलंड यांच्यात सामंजस्य करार झाला. त्यात सोळा मार्गांवर एकमेकांची तिकिटे विकण्याची तरतूद असून, नवी विमाने आणि सरकारी परवानग्या मिळाल्यास २०२८ च्या अखेरीपर्यंत थेट सेवेचा विचार करण्याचे म्हटले आहे. अडचण आहे ती लांब पल्ल्याच्या विमानांच्या उपलब्धतेची आणि वर्षभर पुरेशा प्रवाशांची. या मार्गावरील गर्दी डिसेंबर-जानेवारीत उसळते आणि हिवाळ्यात ओसरते.

थेट सेवा सुरू झाली तर काय वाचेल? दुबईच्या उड्डाणाशी तुलना केल्यास ऑकलंड–मुंबई हा प्रवास जाताना साधारण पंधरा तासांचा होईल. एक तास उड्डाणात आणि दोन ते आठ तास मधल्या थांब्यात वाचतील. वृद्ध आई-वडिलांसाठी, लहान मुलांना घेऊन जाणाऱ्यांसाठी हा मोठा दिलासा असेल. तातडीच्या प्रवासात मात्र फेऱ्यांची संख्या अधिक महत्त्वाची ठरते. थेट विमान आठवड्यातून तीनदाच सुटत असेल आणि निरोप नेमका विमान गेल्यावर आला, तर दोन दिवस वाट पाहण्यापेक्षा रोज सुटणारे सिंगापूरचे विमान आधी पोहोचवते.

मागे वळून पाहता

ऑकलंडहून सिडनीला नियमित विमानसेवा सुरू झाली ती एप्रिल १९४० मध्ये, पाण्यावर उतरणाऱ्या उडत्या बोटींनी. १९४५ पासून १९६५ पर्यंत शहराचा विमानतळ पश्चिम ऑकलंडमधील व्हेनुआपाई येथे होता. मांगेरे येथील आजच्या विमानतळाचे औपचारिक उद्घाटन जानेवारी १९६६ मध्ये झाले. भारताच्या बाजूने एअर इंडिया १९५६ मध्ये सिडनीपर्यंत पोहोचली, पण टास्मान समुद्र ओलांडण्यासाठी दुसऱ्या कंपनीचे विमान घ्यावे लागे. त्या पिढीतल्या माणसाला घरच्या मृत्यूची बातमी तारेने किंवा पत्राने कळे आणि जाण्याचा विचार बहुधा मनात येऊन विरून जाई. आज बातमी क्षणात येते, व्हिडिओ कॉलवर चेहराही दिसतो, आणि म्हणूनच चाळीस तासांचे अंतर अधिक बोचते.

घरात लिहून ठेवावे असे थोडेसे

• आपल्या गावासाठी सर्वांत सोयीचे पहिले भारतीय विमानतळ कोणते आणि तिथून पुढे कसे जायचे, हे ठरवून ठेवावे.
• पारपत्र, ओसीआय आणि परतीच्या व्हिसाच्या मुदती वर्षातून एकदा तपासाव्यात. एप्रिल किंवा सप्टेंबरमध्ये घड्याळ बदलते तो दिवस यासाठी चांगला.
• तातडीच्या वेळी तिकीट निवडताना भाड्याआधी पोहोचण्याची भारतीय वेळ पाहावी.
• भारतातील एका जबाबदार नातेवाइकाला हे गणित समजावून ठेवावे : निरोपापासून साधारण चाळीस तास, वाईट योग असेल तर पन्नास.

हा आकडा दोन्हीकडे आधीच ठाऊक असला, तर त्या फोनवर वेळेची घासाघीस करावी लागत नाही. जे बोलायचे असते ते बोलता येते.